चालण्याचं नंतर बघू

पक्षाघाताच्या झटक्यानंतर सासूबाई चालायला कधी लागतील, हे तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतीस आणि मी उलट तुलाच विचारत होते, की त्या बसतात कशा? तुला वाटलं असणार, ताई टाळतेय. ‘बसतात गं, दोन्हीकडून उशा लावल्या की तासभर बसतात,’ असं तू म्हणालीस. खरी गोम तिथेच आहे. उशा काढल्यावर किती वेळ बसतात? कलतात त्या कुठल्या बाजूला? बसल्यावर चांगल्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून ठेवतात, की हात मांडीवर राहतो? याची उत्तरं तुझ्यापाशी नव्हती आणि त्यात तुझा काही दोष नाही. हॉस्पिटलमधून घरी सोडताना गोळ्यांचा कागद सगळ्यांना मिळतो. बसवायचं कसं, याचा कागद सहसा कुणी हातात ठेवत नाही.

म्हणून हे लिहितेय. दुपारी त्या झोपल्या की वाच. तुझ्याकडची ब्युरोची मावशी असेल तर तिलाही वाचून दाखव, कारण दिवसातले निम्मे तास त्या तिच्याच हाताखाली असतात.

आधी बसण्याचा एवढा आग्रह का, ते सांगते. नेदरलँड्समधलं एक संशोधन 2011 साली प्रसिद्ध झालं. झटक्यानंतर चालता न येणाऱ्या रुग्णांमध्ये पहिल्या 72 तासांत तिथे दोनच गोष्टी पाहिल्या. आधाराशिवाय 30 सेकंद बसता येतं का, आणि अधू पायात थोडीफार ताकद आहे का? ज्यांना या दोन्ही गोष्टी जमत होत्या, त्यांनी सहा महिन्यांत आपलं आपण चालण्याची शक्यता 98 टक्के निघाली. ज्यांना दोन्ही जमत नव्हत्या आणि नवव्या दिवशीही जमल्या नाहीत, त्यांची शक्यता 10 टक्क्यांवर आली. आता हे आकडे घेऊन सासूबाईंना लावत बसू नकोस. त्यांचे ते पहिले दिवस केव्हाच मागे पडलेत आणि नंतर सुधारणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण डॉक्टर मंडळी चालण्याचा अंदाज बसण्यावरून घेतात, एवढं यातून ध्यानात घे. वॉकर आणून भिंतीला टेकवून ठेवलायस ना, तो तूर्त माळ्यावर टाक. रोज समोर दिसला की त्यांनाही तो टोचतो आणि तुलाही.

यात एक बरी गोष्टही आहे. हाताच्या बोटांचा कारभार बहुतांशी मेंदूच्या एकाच अर्ध्या भागाकडे असतो. पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना मात्र दोन्ही भागांकडून हुकूम येतात. त्यामुळे सासूबाईंसारखा उजव्या मेंदूला झटका आला तरी पाठ-पोट सगळंच्या सगळं लुळं पडत नाही. दोन्हीकडे थोडं थोडं कमजोर होतं आणि सरावाने पुष्कळदा हाताच्या आधी सुधारतं. त्यांचा डावा हात अजून उशीवर निपचित पडलेला बघून तुझा धीर सुटतो, हे मला दिसतंय. हाताकडे बघून पाठीचा अंदाज बांधू नकोस.

आता मोजायचं कसं ते सांगते. त्याआधी जागा बघ. एअर बेडवर बसवून काही मोजता येणार नाही. ती गादी बेडसोअर होऊ नयेत म्हणून आहे, झोपायला उत्तम. बसायला तिच्यासारखी वाईट जागा नाही, कारण खालचं सगळं हलत असतं. दिवाणखान्यातल्या लाकडी दिवाणावर पातळ सतरंजी टाकून बसव. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात हवेत. दिवाण उंच पडला तर पायाखाली पाट ठेव. जेवायचा पाट चालेल, त्यासाठी दुकानातून वेगळं काही आणू नकोस. अंगात सुती गाऊन असू दे, तो सिल्कसारखा बुळबुळीत गाऊन नको, त्यावरून माणूस घसरत पुढे येतं. पायांत मोजे नकोत.

बसल्या की समोरून बघ आणि मग बाजूने बघ. बाजूने पाहिलंस तर बहुधा असं दिसेल, की त्या बैठकीच्या हाडांवर न बसता माकडहाडावर रेलून बसल्यात, पोक निघालंय आणि मान पुढे आलीय. उशांच्या कोटात रोज तासभर हेच होत असतं. समोरून बघताना दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का ते बघ. मग ‘हात घालते हं आई’ असं सांगून तुझा हात, तळवा वर करून, एकदा उजव्या आणि एकदा डाव्या कुल्ल्याखाली सरकव. ज्या बाजूला भार आहे तिथलं हाड तळहातात रुतेल आणि दुसरीकडे नुसतं मऊ लागेल. कुठल्याही यंत्राविना भार कुठे पडलाय हे एवढ्यानं कळतं. सांगून करायला विसरू नकोस. त्या तुझ्या सासूबाई आहेत, आयुष्यभर पदर सावरून वावरलेल्या, आणि आता जो तो न विचारता त्यांच्या अंगाला हात लावतोय.

मग वेळ मोज. मोबाइलचं घड्याळ सुरू कर, दोन्ही हात मांडीवर आणि पाठीला काही टेकलेलं नको. हात पलंगाला लागला, पाऊल हललं किंवा तुला सावरावं लागलं की थांब आणि आकडा लिही. पायऱ्या तीन धर. पहिली 10 सेकंदांची. बेल्जियमच्या गीर्ट व्हेरहेडन यांनी 2004 मध्ये धडाच्या तोलाची जी तपासणी आखली, तिच्यात 10 सेकंद बसता आलं नाही तर पुढचं काही बघतच नाहीत, एकूण गुण शून्य. दुसरी पायरी 30 सेकंदांची. तिसरी 2 मिनिटांची. कॅनडाच्या कॅथरीन बर्ग यांची तोल मोजायची जी पट्टी जगभर चालते, तिच्यात आधाराशिवाय 2 मिनिटं सुरक्षित बसलं की बसण्याचे पूर्ण 4 गुण मिळतात. दोन मिनिटं आपल्याला काहीच वाटत नाहीत. कूकरची एक शिट्टीही होत नाही तेवढ्यात. त्यांना मात्र घाम फुटेल.

नुसतं स्थिर बसणं पुरत नाही, कारण दिवसभर कोण मूर्तीसारखं बसून राहतं? म्हणून दुसरं माप हात पुढे नेण्याचं. उजवी बाजू भिंतीलगत येईल असं बसव. भिंतीवर खांद्याच्या उंचीला कागद चिकटव. कॅलेंडरची पाठ चालेल, फक्त कालनिर्णयची नको, तिच्या पाठीवर वाचायचं असतं आणि तुझे सासरे रागावतील. उजवा हात खांद्याइतका समोर उचलायला लाव, मूठ वळलेली, आणि मुठीच्या हाडापाशी खूण कर. आता ‘आई, पाठ न टेकता जेवढं पुढे जाता येईल तेवढं जा आणि परत या’ असं सांग. जिथवर मूठ गेली तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोज. तीनदा करायचं. पहिली खेप सरावाची म्हणून सोडून दे आणि पुढच्या दोनची सरासरी लिही. परत येता आलं नाही तर ते माप धरू नकोस, गेलं आणि कोसळलं याला पोचणं म्हणत नाहीत.

असंच पाठ भिंतीकडे करून, पण भिंतीला न टेकता, उजव्या बाजूला हात लांब करून मोज. डावीकडचं माप घेताना हात उचलणार नाही, तेव्हा डाव्या खांद्याचं टोक कुठून कुठे सरकलं ते मोज. हे डावीकडचं माप सगळ्यात लहान निघेल आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. तुझ्या नवऱ्याने अधू बाजूला बसायचं, हात त्यांच्या कंबरेमागे तयार ठेवून, पण न लावता. आधार दिलेलं माप खोटं असतं.

आठवड्यातून एकदाच मोज. त्याच वाराला, त्याच वेळेला, त्याच दिवाणावर, सकाळी आंघोळीच्या आधी. आंघोळ झाली की त्या दमलेल्या असतात आणि आकडा उगाच खाली येतो. रोज मोजशील तर वजन उतरवायला निघालेल्या बाईसारखी गत होईल, सकाळचा काटा बघून दिवसभराचा मूड ठरायचा. एखाद्या सेंटिमीटरच्या फरकाने हुरळून जाऊ नकोस आणि खचूही नकोस. तीनचार आठवड्यांच्या नोंदी ओळीने लावल्यावर जे दिसेल ते खरं.

रोजच्या वावरासाठी मात्र मी तुला दुसरी एक युक्ती सांगते. अमेरिकेतल्या शॅरन गॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये बसण्याची एक तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात चौदा गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 56. गोष्टी कुठल्या, तर डोळे मिटून बसणं, ‘नाही नाही’ अशी मान हलवणं, एक पाऊल उचलणं, मागे ठेवलेली वस्तू वळून घेणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, बसल्या बसल्या पुढे, मागे आणि कडेला सरकणं. शिवाय हलकासा धक्का देऊन सावरतात का तेही बघतात. धक्क्याचं काम फिजिओवर सोड, घरी कुणी करायचं नाही, गंमत म्हणून तर नाहीच. पण गुण देण्याची रीत तू जशीच्या तशी उचल. आपलं आपण केलं तर 4. सांगावं लागलं किंवा फार वेळ लागला तर 3. हाताचा आधार घेऊन केलं तर 2. दुसऱ्याने थोडी मदत केली तर 1. सगळं दुसऱ्यानेच केलं तर 0. वहीत चार कामं लिही, समज जमिनीवरचा रुमाल उचलणं, मागची उशी घेणं, गाऊनची बटणं लावणं, दिवाणाच्या कडेपर्यंत सरकणं. पुढे आकडा टाक. ‘आज बऱ्या होत्या’ यापेक्षा ‘रुमाल 2 वरून 3 वर’ हे वाचायला किती बरं वाटतं ते बघशील. भाऊजी परगावाहून फोन करून ‘काही फरक आहे का’ असं विचारतात तेव्हा त्यांच्याही तोंडावर फेकायला बरं.

आता एक नाजूक गोष्ट. तू म्हणालीस, सरळ केलं की त्या चिडतात आणि उजव्या हाताने पलंग रेटून स्वतःला डावीकडेच ढकलतात. मावशी म्हणते हट्टीपणा करतात. तो हट्टीपणा नाही. याला रेटण्याचा विकार म्हणतात. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने 1985 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. पुढे 2000 साली जर्मनीत हान्स-ओट्टो कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना कलत्या खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून विचारलं, की तुम्हाला सरळ कधी वाटतं? खुर्ची जवळजवळ 18 अंश चांगल्या बाजूला कललेली असताना त्यांना आपण सरळ आहोत असं वाटायचं. म्हणजे शरीराच्या आतला सरळपणाच सरकलेला. गंमत अशी, की डोळ्यांनी बघून समोरची रेघ उभी आहे की तिरकी हे त्यांना बरोबर कळत होतं.

याचा अर्थ लक्षात येतोय का? ‘आई, सरळ बसा, सरळ बसा’ असं दिवसभर कितीही म्हटलंस तरी उपयोग नाही, कारण त्यांच्या लेखी त्या सरळच आहेत आणि तू त्यांना पाडायला निघालीयस. तू ओढलंस की त्या आणखी जोरात रेटणार. त्यापेक्षा डोळ्यांची मदत घे. समोर दाराची चौकट दिसेल अशा बसव, नाहीतर गवंड्याकडून एक ओळंबा मागून आण आणि पंख्याच्या हुकाला टांग. दोरी आणि खाली वजन, बास. मग विचार, ‘आई, ती दोरी उभी आहे ना? आता तुमचं नाक आणि छाती दोरीच्या रेघेत आणा.’ त्यांच्या उजव्या बाजूला तू स्वतः बस आणि ‘माझ्या खांद्याला खांदा लावा’ असं सांग. त्या आपणहून आल्या तर टिकतं, तू आणलंस तर नाही. तेव्हा डाव्या बाजूला दुसरं माणूस हवंच, तिकडे त्या कोसळू शकतात. उजवा हात पलंगावर रेटत असेल तर त्याला काम दे, हातात काहीतरी धरायला दे. हा विकार बहुतेकांचा सहा महिन्यांच्या आत ओसरतो. तोपर्यंत मावशीला हे समजावून सांग, तिचा स्वभाव वाईट नाही, तिला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि ताटाचं बघ. तू म्हणालीस, हल्ली चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत, तोंडाची चव गेली असेल. भाजी-आमटी संपते ना? मग चवीचं नाही ते. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू वाढतात डावीकडे, आणि उजव्या मेंदूच्या झटक्यानंतर पुष्कळांचं डावीकडचं जगच ध्यानातून निसटतं. डोळे शाबूत असतात, लक्ष जात नाही. ताट अर्धं फिरवून दे आणि बघ, कोशिंबीर संपेल. पण नेहमीच ताट फिरवून सोय करू नकोस. त्यांच्याशी बोलताना हळूहळू डावीकडे येऊन बोल, टीव्ही डावीकडे सरकव. बसण्याशी याचा संबंध असा, की जी बाजू ध्यानातच नाही त्या बाजूला कललं तरी माणूस सावरायला जात नाही.

सरावाकडे येते. इथे मला सिडनीच्या कॅथरीन डीन आणि रॉबर्टा शेफर्ड यांचा 1997 मधला प्रयोग फार आवडतो. झटक्याला वर्षाहून जास्त काळ झालेली वीस माणसं त्यांनी घेतली. एका गटाने दोन आठवडे बसून हात लांबवण्याचा सराव केला, हाताच्या लांबीच्या पलीकडच्या वस्तूंपर्यंत. दुसऱ्या गटानेही टेबलाशी बसूनच हाताची कामं केली, पण सगळं अगदी पुढ्यात ठेवलेलं. पहिला गट जास्त लांब आणि जास्त लवकर पोचू लागला, अधू पायावर भार घेऊ लागला आणि खुर्चीतून उठतानाही तो पाय वापरू लागला. दुसऱ्या गटात तसं काही झालं नाही. चालणं मात्र दोन आठवड्यांत कुणाचंच सुधारलं नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. पुढे अशा सरावावर बरंच काम झालं. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात साठाहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, आणि धडाच्या व्यायामाने बसण्याचा तोल, उभं राहणं आणि चालणं, तिन्हींना फायदा दिसला.

तुझ्या घरात काय होतंय बघ. पाणी हातात, रिमोट हातात, चष्मा नाकावर. सगळ्यांच्या प्रेमाने त्यांचं सगळं जग पुढ्यात आणून ठेवलंय. ते वीतभर लांब ने. मेथी निवडायला दे. जुडी उजवीकडे, हात पुरेल त्याच्याही थोडी पलीकडे, आणि निवडलेली पानं टाकायचं पातेलं डाव्या गुडघ्याच्या पुढे. प्रत्येक काडीला त्यांना उजवीकडे झुकून परत येऊन डावीकडे जावं लागेल. एका हाताने मेथी धड निवडली जाणार नाही, देठं येतील भाजीत, येऊ देत. शेंगा, मटार, पत्ते, चुरगळलेले रुमाल, काहीही चालेल. वस्तू अशी हवी की तिच्यापर्यंत जायची त्यांना इच्छा होईल. प्लास्टिकचे शंकू इकडून तिकडे ठेवायला सासूबाईंना मुळीच आवडणार नाही, त्या मनात म्हणतील, मी काय बालवाडीत आहे?

त्या पुढे झुकतील तेव्हा तुझा हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर असू दे आणि नजर डाव्या टाचेवर. टाच उचलली जात असेल तर भार त्या पायावर येतच नाहीये. गुडघ्यावरून हलकेच खाली, टाचेच्या दिशेने दाब दे आणि ‘या पायावर उभं राहिल्यासारखं करा’ म्हण. ‘छाती काढा’ असं सांगू नकोस, त्याने माणूस मागे जातं. ‘बेंबी पुढे आणा’ म्हण, पोक आपोआप निघतं. जमायला लागलं की अवघड करत जा. पातेलं आणखी लांब, मग खाली पाटावर, मग दिवाणावर थोडं पुढे सरकवून म्हणजे मांडीचा आधार कमी, मग थोडी घाई करायला लावून. एकदम अर्धा तास नको. सकाळी थोडं, चहाच्या वेळी थोडं, संध्याकाळी थोडं. जेवण तर बसूनच, पाठीला खुर्ची असली तरी चालेल. जेवताना आधार काढायचा प्रयोग करू नकोस, तेव्हा लक्ष गिळण्याकडे हवं.

सरकायलाही शिकव. कडेला आणायचं म्हणून तुम्ही दोघी त्यांना काखेत धरून उचलता. त्यापेक्षा ‘उजवीकडे झुका, आता डावी बाजू पुढे, आता डावीकडे झुका, उजवी पुढे’ असं बुडावर चालवत आण. वेळ लागतो, पण कमोडवर बसवताना आणि गाडीत बसवताना ह्याचा इतका उपयोग होतो म्हणून सांगू!

देवापुढे पाटावर बसायचंय म्हणून त्या रडल्या, तेही तू सांगितलंस. मांडी घालून बसणं तसं स्थिर असतं, वाईट काही नाही त्यात. वाईट आहे ते खालून उठवणं. तिथे तुझी कंबर जाईल आणि त्यांचा खांदा. सध्या देवच वर आण. देव्हारा टीपॉयवर ठेव, टीपॉय त्यांच्या समोर किंचित डावीकडे. फुलांचं तबक उजवीकडे. प्रत्येक फूल उजवीकडून उचलून डावीकडे वाहायचं. पूजाही झाली आणि माझा व्यायामही.

खांद्याचं निघालंच आहे तर सांगते. डावा हात धरून कुणीही त्यांना ओढायचं नाही. भेटायला येणाऱ्या आत्याबाई प्रेमाने हात धरून उठवायला जातात ना, त्यांना तोंडावर सांग, वाईटपणा आला तरी चालेल. लुळ्या हाताचा खांदा पुष्कळदा सांध्यातून खाली उतरलेला असतो आणि एका हिसक्याने महिनोन्‌महिने दुखत राहतो. बसलेल्या असताना तो हात लोंबत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवा. आता कळलं, उशी कुठे लावायची ते.

झोपलेल्या असताना एकदम उठवून बसवू नकोस. कुशीवर, मग पाय खाली, मग बसतं, आणि मिनिटभर थांब. चेहरा पांढरा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाल्या तर परत आडवं कर आणि रक्तदाब बघून डॉक्टरांना कळव. बोलणं नव्याने अडखळलं, तोंड नव्याने वाकडं झालं किंवा चांगल्या बाजूचा हात ढिला पडला, तर वही-टेप सगळं सोडून थेट हॉस्पिटल, तासाभराने बघू असं नाही. आणि बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल काढून टाक. ओल्या फरशीवर, साबणाच्या हातांनी, पाठ नसलेल्या स्टुलावर तोल सांभाळणं ही तुझ्या-माझ्यासाठीसुद्धा कसरत आहे. पाठ आणि हात असलेली खुर्ची घे, खाली रबराचे बूट असलेली.

आता तुला म्हणून सांगते. यातलं सगळं तू एकटीने करायचं नाहीस. तुला वैताग येतो, कधी कधी त्यांच्यावर ओरडावंसं वाटतं, आणि मग रात्री त्याचं वाईट वाटत राहतं, हे तू न सांगता मला कळलं. मोजायचं काम नवऱ्याला दे. टेप, पेन्सिल, वही त्याच्या हातात. पुरुषांना आकडे दिले की ती गोष्ट त्यांची होते, माझा अनुभव आहे हा. रविवारी सकाळी त्याने आईपाशी बसायचं आणि तू गॅलरीत पेपर वाचायचास. सासऱ्यांना रोज पत्ते पिसायला बसव, दोघांचा डाव मांडून, टाकायची पानं सासूबाईंच्या डावीकडे. सासूबाई हरल्या तर चिडतील आणि चिडून पुढे झुकतील, उत्तमच.

फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात म्हणालीस. पुढच्या खेपेला त्यांना दोन गोष्टी विचार. एक, बसण्याचा तोल तुम्ही कुठल्या पट्टीवर मोजता आणि आत्ता गुण किती आहेत? दुसरं, मी जे लांब ठेवून देतेय त्यात काय बदलू? माझं आणि त्यांचं पटलं नाही तर त्यांचं ऐक. फिजिओ सासूबाईंना हात लावून बघतात, मी इथून फोनवर बोलते. वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठव, आणि दिवाणावर बसलेल्या असतानाचा एक फोटो बाजूने काढ, त्यांना विचारून.